शीर्षकाच्या वर, शीर्षकाच्या खाली

एप्रिल महिना सरत आला म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या नाट्यविभागात एका निराळ्याच अस्वस्थतेचा संचार होऊ लागतो. टोनी पारितोषिकांच्या पात्रतेची मुदत भरत आलेली असते. हंगामाच्या अखेरीस पडदा वर गेला तर नामनिर्देशकांच्या स्मरणात आपले नाटक ताजे राहील, अशा हिशेबाने निर्मात्यांनी राखून ठेवलेली नाटके एकामागून एक रसिकांपुढे येत असतात. आणि मे महिन्याच्या आगेमागे जाहीर होणाऱ्या यादीत कोणाचे नाव असेल व कोणाचे नसेल, याविषयीच्या भाकितांना वृत्तपत्रांच्या स्तंभांपासून नाट्यगृहांशेजारच्या उपाहारगृहांपर्यंत सर्वत्र ऊत आलेला असतो. त्यांतही संगीत नाटकांतील नटनटींविषयीची भाकिते विशेष चुरशीची असतात. कारण गद्य नाटकात केवळ अभिनयाचा निवाडा करावयाचा असतो, तर येथे गळा, पदन्यास, अभिनय आणि आठवड्याला आठ प्रयोग निभावून नेणारी शरीरप्रकृती या चारही गोष्टींचा एकत्रित हिशेब मांडावा लागतो.

या भाकितांचा बारकाईने पाठपुरावा केला असता एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांची भाकिते वर्षानुवर्षे खरी ठरतात, ती मंडळी इतरांहून अधिक रसिक असतातच असे नाही. परंतु दप्तर वाचण्यात ती इतरांहून तरबेज असतात. कोणाचे गाणे अंतःकरणाला भिडले हे त्यांना ठाऊक असते, ते इतरांनाही ठाऊक असते. मात्र ते गाणे कोणत्या रकान्यात नोंदले जाईल, त्या रकान्यात यंदा किती जागा आहेत आणि त्या जागांवर हक्क सांगणारे किती जण आहेत, हे त्यांनी आधी तपासून ठेवलेले असते.

दप्तर आणि त्याचे कारभारी

अँटोनेट पेरी ही अभिनेत्री व दिग्दर्शिका १९४६ साली निवर्तली. तिच्या स्मरणार्थ अमेरिकन थिएटर विंग या संस्थेने ६ एप्रिल १९४७ रोजी वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात पहिला पारितोषिक-समारंभ घडवून आणला आणि तिच्या घरगुती नावावरून पारितोषिकाला ‘टोनी’ हे नाव रूढ झाले. पहिली कित्येक वर्षे केवळ विजेत्यांची नावे पुकारली जात. स्पर्धेत आणखी कोण होते, याचा बाहेर पत्ता लागत नसे. नामनिर्देशितांची यादी प्रसिद्ध करण्याचा प्रघात १९५६ पासून सुरू झाला, आणि आज ज्याला भाकितशास्त्र म्हणावे इतके स्वरूप आले आहे त्या उद्योगाचा जन्मही तेव्हाचाच. यादीच जेथे गुप्त, तेथे तिचे भाकीत कोण करणार? पुढे १९६७ मध्ये नाट्यगृहांचे मालक व निर्माते यांची संघटना, म्हणजे आजची ब्रॉडवे लीग, या कारभारात सामील झाली, त्याच वर्षी समारंभ दूरचित्रवाणीवरून देशभर दिसला, आणि पारितोषिकाचा लौकिक व त्याचा व्यापारी भाव हे दोन्ही एकदमच वाढले.

कारभाराची घडी अशी आहे. किमान पाचशे आसनांची, ब्रॉडवेची म्हणून मान्यता पावलेली एक्केचाळीस नाट्यगृहे. त्यांत मुदतीच्या आत रुजू झालेली नाटकेच विचारार्थ घ्यावयाची. कोण कोणत्या गटात पात्र, याचा फैसला करणारी चोवीस जणांची एक प्रशासन समिती. तिच्यात विंगचे दहा, लीगचे दहा आणि नाटककार, नट, नेपथ्यकार व दिग्दर्शक यांच्या संघटनांचा प्रत्येकी एक असे प्रतिनिधी असतात. तिच्याहून सर्वस्वी निराळे असे नामनिर्देशकांचे मंडळ. त्याची मुदत तीन वर्षांची, त्याने पात्र ठरलेले प्रत्येक नाटक पाहिलेच पाहिजे असा दंडक, आणि त्याचे मतदान गुप्त. सर्वांत शेवटी आठशेहून अधिक मतदार, जे या यादीतून विजेता निवडतात. म्हणजे यादीचे भाकीत करणाराने आठशे जणांच्या मनाचा ठाव घेण्याचे कारण नाही. मूठभर नामनिर्देशकांचे मन आणि त्याहीपूर्वी चोवीस कारभाऱ्यांचा निवाडा, एवढेच त्याने ओळखावयाचे असते. नवशिका भाकितकार नेमका येथेच फसतो. विजेत्याचा विचार करण्याच्या भरात तो यादीचा विचार करावयास विसरतो, आणि हे दोन व्यवहार सर्वथा भिन्न आहेत.

एका ओळीचा महिमा

प्रशासन समितीचा मूळ नियम ऐकावयास अगदी साधा आहे. पहिल्या प्रयोगाच्या हस्तपत्रिकेत ज्या नटाचे नाव नाटकाच्या शीर्षकाच्या वर छापले असेल तो प्रमुख भूमिकेच्या गटात, आणि ज्याचे नाव शीर्षकाच्या खाली असेल तो साहाय्यक भूमिकेच्या गटात. निर्मात्यांनी अर्ज केला आणि समितीला तो रास्त वाटला, तर खालचा नट वर चढविता येतो किंवा वरचा खाली उतरविता येतो. अन्यथा छापील ओळ हाच पुरावा. रंगभूमीवर तो किती वेळ वावरतो, कथानकाचा भार कोणाच्या खांद्यावर आहे, अखेरचे टाळ्यांचे गाणे कोणाच्या वाट्याला आले आहे, हे सारे प्रश्न त्या ओळीनंतरचे.

या ओळीचा महिमा पाहावयाचा तर ‘कॅबरे’ या नाटकाइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही. क्रिस्टोफर इशरवुडच्या बर्लिनविषयक कथांवरून आधी एक गद्य नाटक झाले आणि त्यावरून जॉन कँडर, फ्रेड एब व जो मास्टरॉफ यांनी हे संगीत नाटक रचले. हॅरॉल्ड प्रिन्सच्या दिग्दर्शनाखाली ते नोव्हेंबर १९६६ मध्ये ब्रॉडवेवर आले. नाझी राजवटीच्या उंबरठ्यावरील बर्लिन, त्यातील एक बदनाम रात्रगृह, तेथील विकट हास्य करणारा सूत्रधार, सॅली बोल्स ही गायिका, आणि उतारवयात प्रेमात पडलेले दोन जीव, घरमालकीण श्नायडरबाई व फळविक्या शुल्ट्झ, अशी ही पात्रयोजना. १९६७ च्या यादीत श्नायडरबाई झालेली लोटे लेन्या आणि शुल्ट्झ झालेला जॅक गिलफर्ड हे दोघे प्रमुख गटात होते. सूत्रधार झालेला जोएल ग्रे साहाय्यक गटात होता व त्याने ते पारितोषिक जिंकलेही. आणि सॅली झालेली जिल हॅवर्थ हिचे नाव कोठेच नव्हते.

आता एकतीस वर्षे पुढे यावे. १९९८ च्या पुनरुज्जीवित प्रयोगात सूत्रधार झालेला अ‍ॅलन कमिंग प्रमुख गटात आला आणि जिंकला. सॅली झालेली नताशा रिचर्डसन हीही प्रमुख गटात जिंकली. आणि शुल्ट्झ व श्नायडरबाई यांच्या भूमिकांतील रॉन रिफकिन व मेरी लुईस विल्सन या दोघांना साहाय्यक गटात स्थान मिळाले. २०१४ मध्ये कमिंग पुन्हा त्याच भूमिकेत उभा राहिला, तेव्हा भूमिका पूर्वीचीच म्हणून तो विचारार्थ घेतलाच गेला नाही. सॅली झालेल्या मिशेल विल्यम्सला यादीत जागा मिळाली नाही. परंतु ते वृद्ध युगुल मात्र, डॅनी बर्स्टीन व लिंडा इमंड यांच्या रूपाने, साहाय्यक गटात आपल्या जागी कायम. २०२४ मध्ये एडी रेडमेन आणि गेल रँकिन प्रमुख गटात, बीबी न्यूवर्थ आणि स्टीव्हन स्कायबेल साहाय्यक गटात.

येथे थोडे थांबून विचार करणे अवश्य आहे. संहितेत फेरफार झाले, दिग्दर्शकांनी सूत्रधाराला पूर्वीहून अधिक व्यापक व अधिक भेसूर केले, हे सर्व मान्य. तथापि प्रमुख असलेले दोघे साहाय्यक व्हावेत आणि साहाय्यक असलेला प्रमुख व्हावा, एवढी उलथापालथ केवळ कलादृष्टीने झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. लोटे लेन्या ही जर्मन संगीतरंगभूमीवरील प्रख्यात नटी होती. १९६६ मध्ये निर्मात्यांना तिच्या नावाचा उपयोग होता. जोएल ग्रेच्या नावाला तेव्हा तेवढे वजन नव्हते. म्हणजे ज्याला आपण भूमिकेचे महत्त्व म्हणतो, त्याचा मोठा अंश भूमिका करणाराच्या बाजारातील पतीने ठरतो. आणि भाकितकाराने संहिता वाचण्यापूर्वी हस्तपत्रिका वाचावी, असे जे म्हणतात, त्याचे मर्म हेच.

‘द किंग अँड आय’ची कथाही याच स्वरूपाची. १९५२ मध्ये सयामच्या राजाच्या भूमिकेसाठी युल ब्रिनरला पारितोषिक मिळाले ते साहाय्यक गटात. कारण शीर्षकाच्या वर नाव होते ते गर्ट्रूड लॉरेन्सचे, आणि प्रमुख अभिनेत्रीचे पारितोषिक तिला मिळाले. ज्याच्या पदावरून नाटकाला नाव पडले तो राजा साहाय्यक! पुढे १९९६ मध्ये लू डायमंड फिलिप्स आणि २०१५ मध्ये केन वाटानाबे हे त्याच भूमिकेसाठी प्रमुख गटात नामनिर्देशित झाले, आणि राजाला त्याचे सिंहासन बाकायदा परत मिळाले.

निवाडे आणि पेच

नियम साधा असला तरी रंगभूमी त्याला साधे राहू देत नाही. १९६० मध्ये ‘द साउंड ऑफ म्युझिक’मधील सात मुलांचा एकत्रित नामनिर्देश साहाय्यक अभिनेत्रीच्या गटात झाला, त्या सातांत दोन मुलगे होते, परंतु त्याने कोणाचे काही अडले नाही. १९९८ मध्ये ‘साइड शो’तील जोडजन्मा बहिणींच्या भूमिकांसाठी अ‍ॅलिस रिप्ली आणि एमिली स्किनर या दोघींना मिळून एकच नामनिर्देश देण्यात आला. २००९ मध्ये ‘बिली एलियट’ची भूमिका आळीपाळीने करणारे डेव्हिड अल्वारेझ, ट्रेंट कोवालिक व किरिल कुलिश हे तिघे मुलगे एकच उमेदवार मानले गेले आणि तिघांनी मिळून प्रमुख अभिनेत्याचे पारितोषिक नेले. या निवाड्याच्या आधारे चार वर्षांनी कोणी ‘मटिल्डा’तील चार मुलींविषयी भाकीत केले असते तर ते साफ कोसळले असते; कारण २०१३ मध्ये समितीने त्या चौघींना स्पर्धेबाहेर ठेवून निराळा सन्मान दिला, आणि त्याच नाटकातील दुष्ट मुख्याध्यापिका रंगविणारा बर्टी कार्व्हेल हा पुरुष नट प्रमुख अभिनेत्याच्या गटात दाखल झाला.

अलीकडे या पेचाला एक नवे अंग फुटले आहे. स्वतःला स्त्री वा पुरुष यांपैकी कोणत्याही एका कोटीत न मानणाऱ्या कलावंतांनी कोणत्या गटात जावे? २०२३ मध्ये जे. हॅरिसन घी आणि अ‍ॅलेक्स न्यूवेल यांनी अभिनेत्याच्या गटात विचार व्हावा हे पत्करले आणि अनुक्रमे प्रमुख व साहाय्यक अशी दोन्ही पारितोषिके मिळविली. त्याच हंगामात ‘अँड ज्युलियेट’मधील जस्टिन डेव्हिड सलिव्हन यांनी मात्र दोन्ही गट नाकारून स्पर्धेतूनच अंग काढून घेतले. ड्रामा डेस्क आणि आउटर क्रिटिक्स सर्कल या न्यूयॉर्कमधील दुसऱ्या दोन पारितोषिक-संस्थांनी अभिनयाचे गट स्त्री-पुरुषभेदाविना एकत्र केले, टोनीने ते केले नाहीत. परिणामी, पूर्वी या संस्थांच्या याद्या समोर ठेवून टोनीच्या यादीचा जो अदमास बांधीत असत, तो बांधणे आता पूर्वीइतके सुकर राहिलेले नाही.

जागांचा हिशेब

गट ठरला की जागा मोजावयाच्या. सामान्यतः प्रत्येक गटात पाच नावे असतात. मते फार जवळची पडली तर सहावे वा सातवे नाव वाढते, पात्र उमेदवार थोडे असतील तर संख्या घटते. ही घट कोठवर जाऊ शकते याचे दाखले उद्बोधक आहेत. १९८५ मध्ये संगीत नाटकांचे पीक इतके निकृष्ट ठरले की प्रमुख अभिनेता आणि प्रमुख अभिनेत्री हे दोन्ही गट त्या वर्षापुरते रद्दबातल करण्यात आले. १९९५ मध्ये प्रमुख अभिनेत्रीच्या गटात दोनच नावे होती, ‘सनसेट बुलेव्हार्ड’ची ग्लेन क्लोज आणि ‘शो बोट’ची रिबेका लूकर. महामारीने अर्ध्यावर तोडलेल्या २०१९-२० च्या हंगामात तर प्रमुख अभिनेत्याच्या गटात ‘मूलाँ रूज’चा आरन ट्वेट हा एकटाच उरला. एकट्याची स्पर्धा ती कसली, म्हणून मतदारांपैकी किमान साठ टक्क्यांनी त्याच्या बाजूने कौल द्यावा अशी अट घालण्यात आली. तो कौल त्याला मिळाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याने पारितोषिक स्वीकारले.

उलटपक्षी, पीक उदंड आले म्हणजे एका नाटकातले दोघे एकमेकांच्या आड येतील काय, हा वाद सुरू होतो. नामनिर्देशकास एकाच गटात अनेक नावे सुचविता येत असल्याने यादीत शिरताना सहसा कोणी कोणाच्या आड येत नाही. २०१६ मध्ये ‘हॅमिल्टन’चे लेस्ली ओडम आणि लिन-मॅन्युएल मिरांडा दोघेही प्रमुख गटात आले, आणि साहाय्यक अभिनेत्यांच्या गटात तर त्या एकाच नाटकाचे तिघे होते, ज्यांत अवघी काही मिनिटे रंगमंचावर असणारा, राजा जॉर्जच्या भूमिकेतील जोनाथन ग्रॉफही होता. अडचण येते ती पुढल्या पायरीवर, जेथे मतदाराला एकच नाव निवडावयाचे असते. १९७६ मध्ये ‘शिकागो’च्या ग्वेन व्हर्डन आणि चिता रिव्हेरा या दोघींना मागे टाकून ‘अ कोरस लाइन’ची डॉना मॅकेक्नी विजयी झाली, तेव्हा मते फुटल्याचा सिद्धान्त अनेकांना पटला, पण २००४ मध्ये ‘विकेड’मधील क्रिस्टिन चेनोवेथ समोर असतानाही तिची सहनायिका इडिना मेंझेल जिंकली, आणि ‘हॅमिल्टन’च्या दोघांपैकी ओडम जिंकला. सबब, हा सिद्धान्त विजेत्याच्या भाकितातही जपूनच वापरावा. यादीच्या भाकितात त्याला थारा देऊ नये.

वारसा, विस्मरण आणि मुंबईचे एक नाटक

काही भूमिका वतनासारख्या असतात. जो त्यांवर बसेल त्याला मान आपोआप मिळतो. ‘जिप्सी’तील रोझ ही मुलींच्या कीर्तीसाठी झपाटलेली आई, ही त्यांतील अग्रगण्य. इथेल मर्मन, अँजेला लान्सबरी, टाइन डेली, बर्नाडेट पीटर्स, पॅटी लुपोन आणि २०२५ मध्ये ऑड्रा मॅक्डॉनल्ड, अशा ब्रॉडवेवरील सहाही प्रयोगांतील रोझ नामनिर्देशित झाल्या. विजयी झाल्या त्या मात्र लान्सबरी, डेली आणि लुपोन या तिघीच. सॅली बोल्सच्या नशिबी असे वतन नाही, हे आपण पाहिलेच. ती जाणूनबुजून सामान्य गायिका म्हणून रंगविलेली असते, आणि जिने वाईट गाणे हेच कौशल्य, तिला गुण कसे द्यावेत हा परीक्षकांपुढचा पेच असतो.

दुसरा एक समज असा की, लवकर बंद पडलेले नाटक विस्मृतीत जाते. ‘द स्कॉट्सबरो बॉइज’ ३१ ऑक्टोबर २०१० रोजी ब्रॉडवेवर आले आणि डिसेंबरातच उतरले. तरीही पुढल्या वर्षी त्याला बारा नामनिर्देश मिळाले, त्यांत जोशुआ हेन्री प्रमुख गटात तर कोलमन डोमिंगो व फॉरेस्ट मॅक्लेंडन साहाय्यक गटात होते. पारितोषिक मात्र एकही नाही. नामनिर्देशक सर्व नाटके पाहतात व लक्षात ठेवतात. त्यानंतरच्या मतदारांच्या मनावर चालू नाटकाचा पगडा अधिक असावा, असा याचा अर्थ लावल्यास तो वावगा ठरणार नाही.

आपल्या मुंबईचा या हंगामाशी प्रत्यक्ष संबंध आला तो २००४ मध्ये. ए. आर. रेहमान यांचे संगीत असलेले, मुंबईच्या झोपडपट्टीतील एका चित्रपटवेड्या तरुणाची कथा सांगणारे ‘बॉम्बे ड्रीम्स’ लंडनहून ब्रॉडवेवर आले ते एप्रिलच्या अगदी अखेरीस. मनू नारायण नायक होता, मधुर जाफ्री त्याच्या आजीच्या भूमिकेत होती. नाटकाला तीन नामनिर्देश मिळाले. वाद्यमेळरचना, वेषभूषा आणि नृत्यरचना, ज्यांत अँथनी व्हॅन लास्ट यांच्याबरोबर फराह खान यांचे नाव होते. अभिनयासाठी मात्र कोणालाही नाही. मुदतीच्या तोंडावर येण्याचा लाभ स्मरणशक्तीला होतो, गुणवत्तेला नव्हे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

पाचवी जागा

आता या सर्व दप्तरी ज्ञानाची किंमत किती? माझ्या मते पाच जागांपैकी तीन-चार जागा त्याने बहुधा हस्तगत होतात. प्रश्न उरतो शेवटच्या जागेचा, आणि तेथे हस्तपत्रिका, वतन, कीर्ती यांपैकी काहीच हमखास उपयोगी पडत नाही. २०१६ मध्ये सहा टोनी पारितोषिकांची धनीण ऑड्रा मॅक्डॉनल्ड ‘शफल अलाँग’मध्ये होती, त्या नाटकाला दहा नामनिर्देश मिळाले, तिला मात्र एकही नाही, आणि प्रमुख अभिनेत्रींच्या पाच नावांत ‘ब्राइट स्टार’ची कार्मेन कुसॅक होती, जिचे ते ब्रॉडवेवरील पदार्पण होते. २०२५ मध्ये हेच घडले. ‘रेडवुड’मधील इडिना मेंझेल, एके काळची ‘विकेड’ची विजेती, यादीबाहेर राहिली आणि ‘बूप’मधून पदार्पण करणारी जॅस्मिन एमी रॉजर्स आत आली. एकदा घडले ते योगायोग म्हणून सोडता येते. दोनदा घडले म्हणजे तो मंडळाचा स्वभाव आहे की काय, असे विचारणे प्राप्त होते. प्रत्येक नाटक पाहण्याचे बंधन असलेली माणसे, कीर्तीला जे देणे होते ते देऊन झाल्यावर, कधी कधी जे प्रत्यक्ष पाहिले व ऐकले त्यालाच मत देतात.

याची दुसरी बाजू १९९६ मध्ये ज्यूली अँड्र्यूजने दाखविली. ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ला मिळालेला एकमेव नामनिर्देश तिचाच होता. आपले सहकारी वगळले गेले आणि आपणच तेवढे निवडले गेलो, हे तिला मानवले नाही. प्रयोगानंतर तिने रंगमंचावरूनच तो नामनिर्देश नाकारल्याचे जाहीर केले. तिची निवड कोणत्याही भाकितकाराने सहज वर्तविली असती. तिचा नकार मात्र कोणाच्या गणितात बसणारा नव्हता. ज्या कलेत एकाचा स्वर दुसऱ्याच्या आधाराशिवाय उभा राहत नाही, तिच्यातून एकेक नाव वेगळे काढून रकान्यात बसविण्याच्या पद्धतीलाच तिने हरकत घेतली होती.

तरीही ही पद्धत टिकेल आणि भाकितेही होत राहतील. निर्मात्यांना जाहिरातीसाठी यादी हवी, नटांना पुढल्या करारासाठी हवी आणि रसिकांना वादासाठी हवी. भाकितकाराने मात्र आपल्या कसोटीची जागा ओळखून असावे. पहिली चार नावे बरोबर आली तर ते त्याच्या दप्तरनिपुणतेचे प्रमाणपत्र समजावे, त्यात रसिकतेची बढाई मारण्यासारखे काही नाही. पाचवे नाव लिहिताना हस्तपत्रिका बाजूला ठेवून, त्या हंगामात जे गाणे ऐकून आपण खुर्चीत पुढे सरकून बसलो त्या गळ्याचे नाव लिहावे. ते चुकण्याचा संभव अधिक, हे खरे. परंतु त्या एका नावापुरते भाकीत करणारा आणि नामनिर्देशक हे दोघे एकाच पुराव्यावर निवाडा करीत असतात.